इंटरनेटवरील दूरध्वनी : आवाजाची प्रत आणि वाहतुकीची मोजणी

सहकारी संस्था, कारखाने, बँका, रुग्णालये आणि कार्यालये यांच्या दूरध्वनी व्यवस्थेत गेल्या काही वर्षांत एक मोठे स्थित्यंतर घडून आले आहे. आणि ते इतके गाजावाजा न होता घडले आहे की, ज्यांच्या टेबलावर हे दूरध्वनी आहेत त्यांनाही त्याची पुरती कल्पना असतेच असे नाही. तांब्याच्या तारेवरील जुने एक्स्चेंज जाऊन त्या जागी इंटरनेटवरून बोलणारे दूरध्वनी आले. खर्चात बचत झाली, शाखाशाखांमधील संभाषण जवळजवळ फुकट झाले, हे खरेच. तथापि पूर्वी केवळ बोलण्यासाठी राखून ठेवलेल्या तारेवरून जाणारा आवाज आता हिशेबाची कागदपत्रे, छायाचित्रे, कॅमेऱ्यांची चित्रफीत आणि टपाल यांच्याबरोबर एकाच वाटेने जाऊ लागला. या गर्दीत त्याचे काय होते, ते कसे मोजावे आणि मोजल्यावर काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय तांत्रिक आहे आणि प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. या विषयाकडे त्याचे लक्ष वेधले गेले ते एका गायीमुळे.

दुग्धव्यवसायावरील एका लेखाची माहिती गोळा करण्यासाठी एका सहकारी दूध संघाच्या मुख्यालयात जाण्याचा योग आला होता. संघाने सभासदांसाठी पशुवैद्यकीय मदतीचा दूरध्वनी सुरू केला होता. एके दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास एका शेतकऱ्याचा फोन आला. ‘‘गाय आडवी पडलीय, उठंना. डॉक्टरसाहेबांना लवकर पाठवा,’’ असे तो सांगत होता. गाय आदल्या दिवशी व्यालेली, संकरित, चौथ्या वेताची. लक्षणे दुग्धज्वराची होती. या विकारात रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटते, कान थंड पडतात, गाय मान एका अंगाला वळवून बसते आणि शिरेतून कॅल्शियम वेळेवर मिळाले नाही तर काही तासांतच दगावू शकते. वेळेवर मिळाले तर मात्र तीच गाय बहुधा पाहता पाहता उठून उभी राहते. शेतकऱ्याने गावाचे नाव सांगितले. नोंद घेणाऱ्या लिपिकाला ‘पिंपळ’ एवढे ऐकू आले आणि पुढचे अक्षर तुटले. त्याने पिंपळगाव लिहिले, कारण तिकडून नेहमी फोन येत असत. गाव होते पिंपळवाडी. फोन शेजाऱ्याच्या मोबाइलवरून केलेला होता आणि शेजारी तो घेऊन रानात निघून गेला होता. डॉक्टर दोन तास उशिरा पोहोचले. गाय वाचली नाही.

लिपिकाला दोष देणे सोपे होते आणि तो दिलाही गेला. त्याने मात्र पुढे चौकशीला उपयोगी पडणारे एक वाक्य सांगितले होते : ‘‘अहो साहेब, आमचं बोलणं त्यांना नीट ऐकू जातं. त्यांचंच आमच्याकडे तुटत तुटत येतं, आणि तेही सकाळीच.’’ सेवा पुरविणाऱ्या कंपनीकडे तक्रार गेली. कंपनीने वेग तपासला, तो करारानुसार पूर्ण भरला आणि ‘लाइन व्यवस्थित आहे’ असे उत्तर आले. ते उत्तर खोटे नव्हते. प्रश्न वेगळाच होता.

आवाजाची पोस्टकार्डे

जुन्या पद्धतीत आपण क्रमांक फिरविला की आपल्या आणि समोरच्या माणसाच्या दरम्यान एक अखंड मार्ग राखून ठेवला जाई. आपण गप्प बसलो तरी तो मार्ग दुसऱ्या कोणाला मिळत नसे. इंटरनेटवर असे आरक्षण नाही. तेथे आवाजाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटात घातला जातो. त्याला पॅकेट असे म्हणतात. बहुतेक व्यवस्थांमध्ये एका पॅकेटात २० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, एवढा आवाज असतो. दर सेकंदाला पन्नास पोस्टकार्डे लिहून एकामागून एक पेटीत टाकावीत आणि पलीकडच्याने ती त्याच चालीने वाचीत जावे, असा हा व्यवहार आहे. प्रत्येक कार्डावर क्रमांक आणि वेळ लिहिलेली असते, म्हणून कोणते आले नाही हे पलीकडे कळते.

आवाजाचे अंकांत रूपांतर करण्याच्या पद्धतीस कोडेक म्हणतात. जी.७११ या सर्वांत प्रचलित कोडेकमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला जातो. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट झाले. वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यात यांपैकी १६० बाइट येतात. त्यावर पत्ता व क्रमांक यांसाठी ४० बाइट चढतात आणि कार्यालयातील तारेवरून जाताना आणखी १८. असे हिशेब करता एका संभाषणाला एका दिशेने सुमारे ८७ किलोबिट लागतात. जी.७२९ हा काटकसरी कोडेक तेच बोलणे ८ किलोबिटांत बसवितो. पण त्याच्या २० बाइटांच्या मजकुरावरही पत्ता ४० बाइटांचाच! पत्रापेक्षा पत्ता मोठा, असा हा प्रकार असल्याने प्रत्यक्षात बचत अपेक्षेइतकी होत नाही आणि आवाजाची प्रत थोडी उतरते ती वेगळीच.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर ऑगस्ट १९७४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची माहितीशास्त्र संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्यामध्ये पॅकेटांतून आवाज पाठविण्यात आला. त्यामागे डॅनी कोहेन यांचे संशोधन होते. सामान्य ग्राहकाच्या संगणकावर ही सोय आली ती १९९५ साली, व्होकलटेक या इस्रायली कंपनीच्या उत्पादनामुळे. आपल्या देशात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीला मर्यादित स्वरूपात परवानगी मिळाली आणि २०१८ साली तिचा विस्तार झाला.

विलंब, अनियमितता आणि गळती

पॅकेटातील आवाजाला तीन विकार जडतात. पहिला विलंब. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंतचा एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि जाळ्याची आखणी करताना तो ४०० च्या वर जाऊ देऊ नये. विलंब वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात, मग दोघेही एकदम थांबतात. ‘‘बोला, बोला’’ आणि ‘‘नाही, तुम्ही बोला’’ असा जो खेळ चालतो तो सभ्यतेमुळे नव्हे, विलंबामुळे.

दुसरा विकार अनियमिततेचा. तंत्रज्ञ त्याला जिटर म्हणतात. पॅकेटे सुटतात ती घड्याळाच्या ठोक्यावर, पण पोहोचतात मात्र कधी तीन एकदम तर कधी एकही नाही अशी. यावर उपाय म्हणून पलीकडचा दूरध्वनी आलेली पॅकेटे क्षणभर साठवून मग सारख्या चालीने वाजवितो. नळाला पाणी कमीअधिक येत असले तरी रांजण भरलेला असला की तांब्याला ते सारखेच मिळते, तसेच हे आहे. परंतु रांजण मोठा केला की विलंब वाढतो आणि लहान ठेवला की तो मधूनच कोरडा पडतो.

तिसरा विकार गळतीचा. वाटेत कोठे गर्दी झाली आणि थांबण्याची जागा भरली की राउटर नवी आलेली पॅकेटे सरळ टाकून देतो. कागदपत्रांच्या बाबतीत हरवलेले पॅकेट पुन्हा मागविता येते. कागद एक सेकंद उशिरा आला तरी कोणाचे बिघडत नाही. आवाजाचे तसे नाही. उशिरा आलेले पॅकेट म्हणजे लग्न लागल्यावर आलेला वऱ्हाडी. त्याच्यासाठी पुन्हा अंतरपाट धरता येत नाही. म्हणून आवाजाची पॅकेटे पुन्हा मागविलीच जात नाहीत आणि जिटरच्या रांजणाला उशिरा पोहोचलेलेही गळाल्यातच जमा होते.

येथे एका हिशेबाकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. एका मिनिटाच्या संभाषणात एका दिशेने ३,००० पॅकेटे येतात. त्यांतील १५ गळाली तर गळती झाली अर्धा टक्का, आणि अर्धा टक्का गळती म्हणजे उत्तम लाइन असा शेरा कोणताही मासिक अहवाल देईल. ही १५ पॅकेटे मिनिटभरात विखरून गळाली असती तर कोणाला कळलेही नसते. एखाद्या तुकड्याची जागा मागच्या आवाजावरून भरून काढण्याची युक्ति दूरध्वनीत असतेच. पण तीच १५ पॅकेटे सलग गळाली तर ३०० मिलिसेकंदांचा आवाज जातो. ‘वाडी’ हा शब्द उच्चारावयास साधारण तेवढाच वेळ लागतो.

गुण कोण देतो?

आवाज चांगला की वाईट हे शेवटी माणसाचा कान ठरवितो. म्हणून दूरसंचार संघाने पी.८०० या शिफारशीत माणसांकडूनच गुण घेण्याची रीत घालून दिली आहे. शांत खोलीत बसवून काही जणांना नमुने ऐकवावयाचे आणि प्रत्येकाने एक ते पाच यांपैकी गुण द्यावयाचे. पाच म्हणजे उत्कृष्ट, एक म्हणजे वाईट. त्यांची सरासरी म्हणजे सरासरी अभिप्राय गुण, म्हणजेच तंत्रज्ञांच्या बोलण्यातील एम.ओ.एस. होय. पण चालू कार्यालयात दर फोनला परीक्षक बसविणे शक्य नाही. सबब विलंब, गळती आणि कोडेक यांवरून गुणांचा अंदाज बांधणारे गणित तयार करण्यात आले. जी.१०७ मधील ई-मॉडेल ते हेच. त्यात शून्य ते शंभर असा आर अंक निघतो. तो ८० च्या वर असला तर ग्राहक समाधानी मानावेत, ७० ते ८० मध्ये काही जण कुरकुर करतील आणि ६० च्या खाली आला तर जवळजवळ सगळेच करतील, अशी त्याची ढोबळ वाचणी आहे. नेहमीच्या दूरध्वनी ध्वनीला या गणितात पाचपैकी जास्तीत जास्त सुमारे ४.४ गुण मिळतात. पूर्ण पाच मिळत नाहीत म्हणून कोणी कंत्राटदाराला धारेवर धरू नये.

आजच्या बहुतेक दूरध्वनी यंत्रणा हा गुण आपोआप दाखवितात. प्रस्तुत लेखकाच्या मते तो पाहावा, पण त्याच्यावर विसंबू नये. परीक्षेत सरासरी साठ टक्के मिळविणारा वर्ग आणि त्यात नापास झालेला एक मुलगा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे शिक्षकवाचकांना सांगावयास नको.

गुण ज्यावरून काढले जातात ती मूळ माहिती अधिक उपयोगी असते आणि ती मिळविणेही अवघड नाही. आवाज वाहून नेणाऱ्या आर.टी.पी. या पद्धतीबरोबरच आर.टी.सी.पी. नावाची एक जोडपद्धत १९९६ पासून ठरलेली आहे. संभाषण चालू असतानाच दोन्ही टोके साधारण दर पाच सेकंदांनी एकमेकांना पोच पाठवितात : मला इतकी पॅकेटे मिळाली, इतकी गळाली, अनियमितता इतकी. २००३ साली या पोचेचा विस्तार झाला आणि गळती विखुरलेली होती की झुबक्याने झाली, झुबका किती लांब होता, हेही तीत लिहिण्याची सोय झाली. हे दुसरे प्रकरण ज्या यंत्रणेत चालू केलेले असेल तेथे ‘वाडी’ कोठे गेली याचा शोध लागतो. अनेक यंत्रणांत ते असते, पण चालू केलेले नसते.

वाहतूक मोजण्याची परंपरा

दूरध्वनीच्या वाहतुकीचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणारे ॲग्नर क्राऱुप एरलांग यांनी १९०९ साली या विषयावरील पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली आजही वापरले जाणारे सूत्र दिले. हे गणितज्ञ गृहस्थ मोजमापासाठी स्वतः रस्त्यातील मॅनहोलमध्ये उतरत असत. वाहतुकीच्या मापाला त्यांचेच नाव आहे. गर्दीच्या तासात सरासरी तीन मिनिटांचे ९० फोन येत असतील तर एकूण २७० मिनिटे बोलणे झाले. त्यास ६० ने भागले की साडेचार एरलांग. साडेचार म्हणून पाच मार्ग पुरतील असे वाटते, पण फोन रांगेने येत नाहीत. एरलांग यांच्या सूत्रानुसार शंभरात साधारण एकाहून अधिक फोन परत जाऊ नयेत असे वाटत असेल तर दहा मार्ग हवेत. आपल्या दूध संघाने दहाच घेतले होते. तेथे चूक नव्हती.

दहा मार्ग एकदम चालू असले तरी ८७ किलोबिटांच्या हिशेबाने एका दिशेला एक मेगाबिटदेखील लागत नाही, आणि संघाची लाइन होती १० मेगाबिटची. मग आवाज तुटावा का?

संघाच्या संगणक विभागाने वाहतुकीचा आलेख काढून दाखविला. असे आलेख काढण्याची रीत रूढ केली ती एम.आर.टी.जी. या विनामूल्य साधनाने. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात असताना टोबियास ओटिकर या तरुणाने ते रचिले. संपूर्ण संस्थेला बाहेर जाण्यासाठी ६४ किलोबिटची एकच लाइन होती आणि ती किती भरली आहे हे सर्वांना पाहता यावे एवढाच त्याचा मूळ हेतू होता. हे साधन दर पाच मिनिटांनी राउटरला ‘किती बाइट गेले, किती आले’ असे विचारते आणि त्यावरून सरासरी काढते. संघाच्या आलेखावर साडेसातला आवक वाहतूक ३१ टक्के दिसत होती. लाइन दोन तृतीयांश मोकळी होती, असा त्याचा अर्थ सर्वांनी घेतला.

पाच मिनिटे म्हणजे ३०० सेकंद. त्यांतील २६० सेकंद लाइनवर दोन मेगाबिट वाहतूक असेल आणि उरलेले ४० सेकंद ती काठोकाठ भरलेली असेल, तर सरासरी तीन मेगाबिटच येते. आलेखावर ३१ टक्केच दिसतील. पण त्या ४० सेकंदांत जो बोलत असेल त्याच्या दृष्टीने लाइन शंभर टक्के भरलेली असते. नदीची सरासरी खोली कमरेइतकी आहे असे ऐकून पाण्यात उतरणाऱ्या माणसाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे.

पुढचा शोध सोपा होता. सकाळी सात ते आठ या वेळात मोजणी पाच मिनिटांऐवजी दर सेकंदाला घेण्यात आली आणि साडेसातच्या ठोक्यावर उभा राहणारा खांब आलेखावर स्पष्ट दिसला. तो खांब कोणाचा, हे राउटरच्या प्रवाह-नोंदींतून कळले. नेटफ्लो या नावाने १९९६ मध्ये पुढे आलेल्या या पद्धतीत कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याकडे किती माल गेला याची खातेवही तयार होते. मालाच्या आत काय आहे ते त्यात नसते. खातेवहीत शीतकरण केंद्रांचे पत्ते निघाले. रात्रभरात कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रफीत मुख्यालयात आणण्याचे काम सर्व केंद्रांवर एकाच वेळेला, सकाळी साडेसातला, लावून ठेवलेले होते. ज्याने ते लावले त्याने कार्यालय उघडण्यापूर्वी काम उरकावे म्हणून लावले. पशुवैद्यकीय दूरध्वनी मात्र सहालाच सुरू होत असे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

दिशा ओळखणे महत्त्वाचे

लिपिकाच्या वाक्याचे महत्त्व येथे लक्षात येईल. ‘आमचे त्यांना ऐकू जाते, त्यांचे तुटून येते’ याचा अर्थ जावक मार्ग मोकळा आणि आवक मार्ग तुंबलेला. चित्रफीत आत येत होती आणि शेतकऱ्याचा आवाजही आत येत होता. दोघांची गाठ पडत होती ती संघाच्या दारात नव्हे, तर सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या टोकाला, म्हणजे १० मेगाबिटची अरुंद वाट जेथे सुरू होते तेथे. तेथील यंत्रात थांबण्यासाठी २५० किलोबाइटची जागा असेल तर ती भरल्यावर मागच्या पॅकेटाला २०० मिलिसेकंद तिष्ठत बसावे लागते. १५० ची मर्यादा तेथेच संपली. आणि जागा पूर्ण भरली की पुढची पॅकेटे सलग टाकली जातात. यंत्रांतील थांबण्याच्या जागा गरजेहून मोठ्या केल्यामुळे उद्भवणाऱ्या या विकाराकडे २०१० नंतर जिम गेटिस यांनी जगाचे लक्ष वेधले आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी रांग लांबू न देणारी पद्धत प्रसिद्ध केली. नवीन राउटर घेताना ती आहे काय हे विचारावे.

आवाजाला अग्रक्रम देण्याची सोय इंटरनेटच्या नियमांत १९९८ पासून आहे. पॅकेटावर ४६ हा खुणेचा अंक घातला की वाटेतील राउटरने त्याला रुग्णवाहिकेप्रमाणे पुढे काढावे, असा संकेत आहे. पुष्कळ संस्था ही खूण आपल्या राउटरवर घालून निर्धास्त होतात. परंतु आपल्या दारातील पहारेकरी फक्त बाहेर जाणाऱ्यांची रांग लावू शकतो. आत येणाऱ्यांची रांग दुसऱ्याच्या अंगणात असते, आणि सार्वजनिक इंटरनेटवर परक्याची खूण मानण्याचे बंधन कोणावर नाही. म्हणून आवक मार्गाच्या विकारावर उपाय तीनच राहतात : जड वाहतुकीची वेळ बदलणे, तिचा वेग मुळातच बांधून देणे, किंवा आवाजासाठी वेगळी लाइन घेणे. संघाने पहिले दोन केले. चित्रफीत दुपारी, एकेका केंद्राची पाळीपाळीने, तीन मेगाबिटच्या मर्यादेत आणण्याचे ठरले. त्याला एक पैसाही लागला नाही.

त्याच दिवशी आणखी एक नियम झाला, तो यंत्राचा नव्हता. लिपिकाने गावाचे नाव, तालुका आणि फोन क्रमांक उलट वाचून दाखवावयाचे आणि शेतकऱ्याने ‘हो’ म्हटल्यावरच नोंद पुरी करावयाची. रेल्वेत आणि वायरलेसवर ही पद्धत कित्येक वर्षे पाळली जाते. दूरध्वनी स्वच्छ ऐकू येऊ लागल्यावर आपण ती सोडून दिली असावी.

पाहावे किती आणि कोणी?

देखरेखीच्या साधनांबद्दल एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. वायरशार्क हे १९९८ पासून, प्रथम ईथरियल या नावाने, उपलब्ध असलेले विनामूल्य साधन जाळ्यावरील पॅकेटे पकडून त्यांची अनियमितता आणि गळती दाखविते. पण आवाज सांकेतिक कुलपात घातलेला नसेल तर तेच साधन संभाषण वाजवूनही दाखविते! वाट मोजणे आणि बोलणे ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरीची गरज बहुतेक वेळा पडत नाही. पोच-नोंदी आणि प्रवाहांची खातेवही पुरेशी होते. दूरध्वनी घेताना आवाज कुलपात घालण्याची सोय मागून घ्यावी, पॅकेटे पकडण्याचा अधिकार कोणास आहे हे लेखी ठरवावे आणि पकडलेली सामग्री काम झाल्यावर पुसून टाकावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यापासून ही केवळ सभ्यतेची बाब राहिलेली नाही.

ग्रामपंचायतींच्या पदाधिकाऱ्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली आणि पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. लाइन आली की तिच्यावर फोन येणारच. पंचायतीकडे महागडी साधने नसतील, पण प्रत्येक संगणकात ‘पिंग’ नावाची आज्ञा असते. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली. एखाद्या पत्त्यावर हाक मारून ओ किती मिलिसेकंदांनी आली एवढेच ती सांगते. गर्दीच्या वेळी दहा मिनिटे ती चालू ठेवावी. ओ ४० मिलिसेकंदांनी येत असताना मध्येच ३०० ने येऊ लागली, किंवा सलग पाच-सहा हाकांना उत्तरच आले नाही, तर तो मिनिट वहीत लिहून ठेवावा. शाळेतील वरच्या वर्गातील विद्यार्थी हे काम आनंदाने करतील आणि त्यांना सरासरी व कमालमर्यादा यांतील फरक कळेल. वेग मोजणाऱ्या पानावरचा एकच मोठा आकडा यापैकी काहीही सांगत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : जुन्या दूरध्वनीला वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच मिळत असे, इंटरनेटवरचा दूरध्वनी गावातील वीज गेली की राउटरबरोबरच मुका होतो. पावसाळ्यापूर्वी दोहोंना बॅटरी लावलेली असावी.

करारपत्राबाबत मात्र अजून बरेच व्हावयाचे आहे. सेवा घेताना आपण वेग आणि भाडे एवढेच पाहतो. विलंब, अनियमितता आणि गळती यांच्या मर्यादा, त्या कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंत मोजावयाच्या आणि किती कालावधीची सरासरी धरावयाची, हे करारात असावयास हवे. शेवटचा मुद्दा सर्वांत कळीचा असतो. महिन्याच्या सरासरीत चाळीस सेकंद कोठेच दिसत नाहीत. त्या दूध संघाने नूतनीकरणाच्या वेळी दर मिनिटाचा हिशेब मागितला. कंपनीने विलंब आणि गळती यांची मासिक सरासरी देण्याचे मान्य केले. मिनिटाच्या हिशेबाचा पत्रव्यवहार चालू आहे. संघाच्या टेबलावर मात्र तेव्हापासून एक साधी रूळ आखलेली वही असते, आणि आवाज तुटला की लिपिक तीत वेळ, गाव आणि ‘आवक’ की ‘जावक’ हे लिहितो.